लाँगबोसाठी लाकडाची फळी: वखारीत काय बघायचं, काय सोडून द्यायचं

लाँगबो, म्हणजे जवळजवळ माणसाएवढं लांब लाकडी धनुष्य, बनवायला घेणारा प्रत्येक जण आधी विचारतो की लाकूड कुठलं घेऊ, ॲश की ओक की साग. माझं म्हणणं असं की जात तिसऱ्या नंबरवर ठेवा. आधी फळीतल्या रेषा, मग फळी किती सुकलीये ते, आणि मग जात. सरळ रेषेची साधी बीच वाकड्या रेषेच्या महागड्या हिकरीपेक्षा जास्त टिकते, आणि बहुतेक फळीची धनुष्यं टिलरिंग करताना (म्हणजे दोन्ही बाजू सारख्या वाकाव्यात म्हणून थोडं थोडं लाकूड तासताना) मोडतात ती फळी निवडतानाच्या घाईमुळे.

कारण समजून घ्या म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल. धनुष्य ओढलं की आपल्या तोंडाकडची बाजू (तिला पोट म्हणूया) दाबली जाते आणि पलीकडची, म्हणजे निशाणाकडची पाठ, ताणली जाते. लाकडाचे तंतू त्यांच्या लांबीत ताण भरपूर सोसतात पण एकमेकांपासून सुटायला त्यांना फारसा जोर लागत नाही. पाठीवर तंतू मध्येच कापला गेला असेल तर ताण आला की नेमकी तिथून एक चिलपी उचलते आणि ती चिरत चिरत आत जाते. म्हणून जुन्या काळी ओंडका करवतीने कापण्यापेक्षा पाचर मारून फोडायचे, फोडलेलं लाकूड आपोआप तंतूंच्या वाटेनेच फाटतं. १५४५ मध्ये बुडालेलं आणि १९८२ मध्ये वर काढलेलं मेरी रोझ हे इंग्रजी जहाज, त्यातून यू झाडाच्या लाकडाची शंभरावर लाँगबो निघाली, ती फळीतून कापलेली नव्हेत, ओंडक्यातून काढलेली आहेत. आपल्याकडे सातपुड्यात भिल्ल लोक बांबूचं धनुष्य करतात त्यातही तंतू टोकापासून टोकापर्यंत अखंड असतात, बांबूची गोष्टच ती आहे. सॉ मिलमधली फळी मात्र सरळ रेषेत धावणाऱ्या करवतीने चिरलेली असते, तंतू कुठे चाललेत याच्याशी करवतीला काही देणंघेणं नसतं. तर आपलं काम एवढंच की शंभर फळ्यांच्या थप्पीतून अशी एक शोधायची जिच्यात करवत योगायोगाने तंतूंच्या बरोबरीने गेलीये.

आता रेषा वाचायच्या कशा. फळीला दोन रुंद बाजू, दोन कडा आणि दोन टोकं. सहाही बघायच्या, चार बघून फळी घ्यायची नाही. रुंद बाजूवर कमानीसारखी किंवा इंग्रजी व्ही सारखी नक्षी दिसत असेल तर फर्निचरवाले खूष होतात पण आपण थांबायचं, कारण अशा प्रत्येक कमानीच्या टोकाला एक वर्षवलय पृष्ठभागावर येऊन संपलेलं असतं. एखादी लांबट कमान मुठीच्या जागी येत असेल तर चालेल, मूठ वाकतच नाही. पण लिम्बच्या (मुठीच्या दोन्ही बाजूंना वाकणारा भाग, त्याला लिम्ब म्हणतात) मधोमध दोन-तीन कमानी एकामागे एक असतील तर ती फळी परत ठेवा. मग फळी उभी करून कडेवरच्या रेषा बघा, त्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत रुंद बाजूला समांतर जाताहेत का? की तिरक्या होऊन पाठीतून बाहेर पडताहेत? ही तपासणी सगळ्यात महत्त्वाची आणि लोक हीच गाळतात कारण थप्पीत फळ्या आडव्या असतात आणि कडा धुळीने भरलेल्या असतात. सोबत एक ओलं फडकं न्या, पुसलं की रेषा उठून दिसतात.

किती तिरकं चालतं याचा एक आकडा लक्षात ठेवा, २० इंचात १ इंच. पेन्सिलीने एक रेषा धरून तिच्यावरून चालत जा, २० इंच पुढे गेल्यावर ती कडेकडे १ इंचापेक्षा जास्त सरकली असेल तर धनुष्यासाठी ती फळी बाद. आणि हा रुंद बाजूचा हिशोब झाला, कडेवर तर ह्याहून कमीच पाहिजे, तिथे जवळजवळ समांतरच असलेली बरी. हा आकडा हवेतला नाहीये. अमेरिकेत बेसबॉलच्या मेपल बॅट फुटून तुकडे उडायला लागले तेव्हा तिथल्या मोठ्या लीगने बॅटच्या मुठीवर शाईचा ठिपका देऊन तंतूंचा कल तपासायला सुरुवात केली, ३ अंशांपेक्षा जास्त कल असेल तर बॅट चालत नाही, आणि ३ अंश म्हणजे साधारण २० इंचात १ इंचच होतात.

ती शाईची युक्ती आपणही वापरायची. ओक, ॲश, हिकरी यांच्या वलयात मोठी छिद्रं ओळीने असतात त्यामुळे रेषा डोळ्यांना दिसतात, पण मेपल आणि बीचमध्ये छिद्रं बारीक आणि सगळीकडे पसरलेली, तिथे रेषा फसवतात. रंधा मारलेल्या जागेवर पातळ शाईचा एक थेंब टाका, शाई तंतूंच्या वाटेने लांब पसरते आणि खरी दिशा दाखवते. दुकानदाराला आधी विचारा, शाई पडलेली फळी त्याला दुसऱ्याला विकायची असते. दुसरा मार्ग म्हणजे टोकाजवळची एखादी चीर बघायची, सुकताना पडलेली चीर नेहमी तंतूंच्या बाजूने जाते, ती तिरकी चाललेली दिसली की वरच्या रेषा कितीही सरळ दिसोत, तंतू तिरके आहेत.

टोकाकडून बघितल्यावर वलयं आडवी आहेत, उभी आहेत की तिरकी, यावर लोक फार वाद घालतात. माझ्या मते तंतू सरळ असतील तर तिन्ही चालतात. फक्त झाडाचा अगदी मधला गाभा ज्या फळीत आलाय ती घेऊ नका, ती सुकताना फाटते आणि पीळ पण घेते. ओक-ॲशमध्ये अजून एक बघा: प्रत्येक वलयाचा एक भाग छिद्रांचा, हलका, आणि एक भाग भरीव, गडद. भरीव भाग जाड आणि छिद्रांची पट्टी बारीक असेल तर लाकूड मजबूत. या झाडांमध्ये भराभर वाढलेलं झाड जास्त वजनदार लाकूड देतं, म्हणजे खूप बारीक-बारीक दाट वलयं दिसली की लोक चांगलं समजतात, ते इथे उलट आहे.

आता एक गोष्ट जी मला फळी निवडण्यात सगळ्यात उपयोगाची वाटते. २ इंची पट्टी मागू नका, ६ किंवा ८ इंच रुंद फळी घ्या. रुंद फळीत रेषा कडेला समांतर नसल्या तरी चालतं, कारण आपण कडेच्या बरोबर कापणारच नाही, रेषा जशी चाललीये तशी सुताची दोरी मारून त्या दोरीवर धनुष्य आखायचं. फळी कडेने बघाल तर तिरकी, पण तुमची पट्टी तंतूंवर सरळ. अशाने थप्पीतल्या अर्ध्या बाद फळ्या परत वापरात येतात. ही युक्ती फक्त रुंद बाजूच्या तिरकेपणावर चालते हं, कडेवरचा म्हणजे जाडीतला तिरकेपणा असा दुरुस्त होत नाही, म्हणून वर म्हटलं की कडांची तपासणी सगळ्यात महत्त्वाची.

मापं. दोरी २८ इंच ओढणाऱ्या माणसाला मूठ ताठ ठेवायची असेल तर ६६ ते ७० इंचाचं धनुष्य पाहिजे, नवीन असाल तर ७० च धरा, लांब धनुष्य लाकडाला कमी त्रास देतं. रुंदी ॲश, ओक, बीचला २ इंच, हिकरीला पावणेदोन चालतील. जाडी पाऊण इंच, म्हणजे सुतारांच्या भाषेत ६ सूत, रंधा मारून झाल्यावर. मुठीवर वरून जाडी चिकटवावी लागते, त्यासाठी त्याच फळीचा फूटभर तुकडा लागेल, म्हणून फळी ७ फुटांची घ्या आणि टोकाच्या चिरा कापून टाकायला पण थोडं मिळतं. फळीतून चपट्या लिम्बचं धनुष्य करायचं, इंग्रजी पद्धतीचं अरुंद आणि पोट गोल असलेलं नको, त्यात पोटावर दाब फार येतो आणि साध्या फळीचं लाकूड तो सोसत नाही.

मग जाती. आपल्याकडच्या मोठ्या वखारींमध्ये आयात लाकूड बऱ्यापैकी मिळतं. माझी पहिली पसंती ॲश, अमेरिकन व्हाइट ॲश म्हणून मिळतं, रेषा बहुतेक वेळा सरळ, काम करायला सोपं, कुऱ्हाडीचे दांडे याचेही करतात. हिकरी मिळाली तर सोडू नका, ताणात तिच्यासारखी दुसरी नाही, पण ती ओल पटकन पिते आणि ओली हिकरी आळशी होते. रेड ओक आणि व्हाइट ओक दोन्ही चालतात. दोन्हीत फरक ओळखायचा तर फूटभर तुकड्याचं एक टोक पाण्यात बुडवून दुसऱ्या टोकातून जोरात फुंका, रेड ओकमधून बुडबुडे निघतात कारण त्याच्या नळ्या उघड्या असतात, व्हाइट ओकच्या बुजलेल्या असतात. मेपल चांगलं, फक्त हार्ड मेपल असल्याची खात्री करा. स्टीम बीच, म्हणजे वाफ दिलेलं बीच, जवळजवळ प्रत्येक शहरात मिळतं आणि स्वस्त पडतं, त्याचं धनुष्य होतं पण ते वाकून राहतं थोडं, रुंदी जास्त ठेवा आणि धनुष्य ओढायला लागणारा जोर ३५-४० पाउंडांच्या वर नेऊ नका.

देशी लाकडात धामण. धनुष्य, हत्यारांचे दांडे, वल्ही यासाठी हे लाकूड पिढ्यानपिढ्या वापरात आहे, लवचिक आणि चिवट. पण वखारीत चिरलेली सरळ फळी क्वचित मिळते, आणि जंगलातून किंवा बांधावरून परस्पर तोडून आणण्याचा विचार करू नका, महाराष्ट्रात झाडतोडीला १९६४ चा कायदा आहे आणि लाकूड वाहून न्यायला वनखात्याचा पास लागू शकतो. ओळखीच्या शेतकऱ्याकडे रीतसर तोडलेलं असेल तर बिल किंवा परवानगीचा कागद बघून घ्या. तुतीचं लाकूड फार उत्तम, हॉकी स्टिक त्याच्याच बनायच्या, पण इकडच्या वखारीत ते दिसत नाही, कुणाकडे मिळालं तर नशीब समजा.

साग सगळ्यांच्या घरात असतो म्हणून सगळे विचारतात. दारं-खिडक्यांना सागासारखं दुसरं लाकूड नाही, पण धक्का सोसण्यात तो ॲश-हिकरीच्या मागे आहे आणि त्यातल्या तेलामुळे गोंद धरत नाही, मजबुतीसाठी पाठीवर बांबूची पट्टी चिकटवायची तर ॲसिटोनने पुसून लगेच चिकटवावं लागतं. शिसम, साल, पडौक यांच्यात तंतू एकमेकांत गुंतलेले असतात, एक थर डावीकडे झुकलेला तर पुढचा उजवीकडे. ओळखायचं कसं, तर रंधा कुठल्याही बाजूने मारला तरी लाकूड उपटतं आणि फळीवर फिकट-गडद पट्टे रिबनसारखे चमकतात. असली फळी दिसायला देखणी, धनुष्याला नको. आणि रबरवुडचे किंवा पाइनचे तयार बोर्ड मिळतात ते छोटे तुकडे बोटांसारखे एकमेकांत अडकवून जोडलेले असतात, त्याचं धनुष्य सांध्यातून तुटणार, शंभर टक्के.

कुठे जायचं: मुंबईत रे रोड-दारुखाना, पुण्यात भवानी पेठेतलं टिंबर मार्केट, नागपुरात लकडगंज. या भागात एका दुकानात नाही मिळालं तर पुढचं दुकान चालत जाता येतं. छोट्या गावात असाल तर फर्निचरचं मोठं काम करणाऱ्या मिस्त्रींना विचारा की ॲश किंवा ओक कुठून आणता, त्यांच्याकडे उरलेल्या ७ फुटी पट्ट्या असतातही. जाताना दुपारची निवांत वेळ बघा, सकाळी ट्रक भरायची घाई असते. शेठना सरळ सांगा की धनुष्य बनवायचंय, सरळ रेषेची एकच फळी पाहिजे, थप्पी उपसू का, आणि उपसलीत तर परत नीट लावून द्या. हमाल मदतीला आले तर त्यांना वेगळे पैसे द्या. एवढं केलंत की पुढच्या वेळी माल उतरताना ते स्वतःहून फोन करतात, हे मी खूप वेळा बघितलंय.

पैशाचा हिशोब घनफुटावर चालतो, सीएफटी म्हणतात. ६ फूट लांब, २ इंच रुंद, पाऊण इंच जाड पट्टी म्हणजे बरोबर १/१६ घनफूट. म्हणजे समजा दर घनफुटाला ३,२०० रुपये असेल तर धनुष्यात जाणारं लाकूड २०० रुपयांचं. ७ फूट लांब, ६ इंच रुंद, १ इंच जाड अख्खी फळी घेतली तर ०.३ घनफुटाला जरा कमी, त्याच दराने साधारण ९३५ रुपये, आणि तीत दोन धनुष्यं आणि मुठीचे तुकडे निघतात. दर आधी विचारा, चिरण्याचे आणि रंध्याचे पैसे वेगळे का ते पण विचारा.

याच १/१६ घनफुटावरून वजनही तपासता येतं आणि ही तपासणी फुकट आहे. एवढ्या मापाची सुकी ॲशची पट्टी १.२ किलोच्या आसपास भरते, रेड ओक आणि बीच १.२५, व्हाइट ओक १.३५, हिकरी १.४. बरीच हलकी भरली तर लाकूड कमजोर किंवा आतून कुजकं, बरीच जड भरली तर बहुतेक ओलं. वखारीत काटा नसेल तर सारख्या मापाच्या दोन फळ्या दोन हातात धरून जड ती घ्या, अर्थात दोन्ही सुक्या असतील तर.

सुकेपणावर जरा थांबतो, कारण आपल्या हवेत इथेच जास्त धनुष्यं बिघडतात. धनुष्याच्या लाकडात ८ ते १० टक्के ओल हवी, हिकरीला अजून थोडी कमी. लाकूड हवेतली ओल घेत-सोडत राहतं. आर्द्रता ५० टक्के असेल तर लाकूड ९ टक्क्यांवर येऊन थांबतं, ८० टक्के असेल तर १६ वर. म्हणजे जुलैत रत्नागिरीत किंवा पणजीत किल्नमध्ये (लाकूड सुकवायच्या भट्टीत) कितीही सुकवलेली फळी आणा, काही आठवड्यांत ती १६ च्या वर जाणार, आणि अशा लाकडाचं धनुष्य केलं तर ते दोरी काढली तरी वाकलेलंच राहतं, जोर निघून जातो. उलट विदर्भात मे महिन्यात आर्द्रता २० टक्क्यांपर्यंत उतरते तेव्हा लाकूड ४-५ टक्क्यांवर जातं आणि ठिसूळ होतं, ओढताना कडकन जातं. कोकण-गोव्यातल्यांनी जानेवारी ते एप्रिलमध्ये धनुष्य करावं, विदर्भ-मराठवाड्यातल्यांनी थंडीत, आणि पावसाळ्यात सगळ्यांनीच फळ्या निवडून ठेवाव्यात, कापू नयेत.

मॉइश्चर मीटर असेल तर जुन्या टोकावर लावू नका, टोकं आधी सुकतात आणि खोटा आकडा देतात, दोन-तीन इंच कापून ताज्या कापावर लावा. मीटर नसेल तर पट्टी थोडी जाड कापून घरात आडवी ठेवा, दर रविवारी स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोला आणि वजन लिहून ठेवा. सलग तीन आठवडे वजन हललं नाही की पट्टी घरातल्या हवेशी जुळली. उन्हात ठेवू नका, टोकांना फेव्हिकॉल किंवा मेण फासा नाहीतर चिरा आत घुसतात.

दोष बघताना गाठीवर तडजोड नको. मसुराएवढी गाठ सुद्धा लिम्बमध्ये नको, तिच्याभोवती तंतू वळसा घालून गेलेले असतात. बारीक टाचणीसारखी भोकं आणि खाली पिठासारखा भुगा दिसला तर किडा आहे, ॲश आणि ओकच्या पांढरट भागात तो जास्त लागतो, ती फळी घरात पण आणू नका. रेषांना आडव्या, केसासारख्या बारीक सुरकुत्या दिसल्या, तिरप्या उजेडात जास्त दिसतात, तर झाड पडताना किंवा वादळात आतले तंतू चेपले गेलेत, धनुष्य नेमकं तिथे मोडणार. थोडा बाक चालतो, निशाणाकडे बाक असेल तर उलट चांगलंच. पीळ नको.

अमेरिकेत असाल तर काम सोपं आहे. होम डेपो किंवा लोज या मोठ्या दुकानांमध्ये रेड ओकची रंधा मारलेली पट्टी असते, पण तिथे नावाचं माप आणि खरं माप वेगळं: एक बाय दोन म्हणतात ती प्रत्यक्षात पाऊण बाय दीड इंच, म्हणून एक बाय तीन घ्या, ती अडीच इंच भरते आणि तुम्हाला रेषेवर आखायला जागा मिळते. हिकरी आणि ॲशसाठी हार्डवुडच्या वेगळ्या यार्डात जा, तिथे जाडी फोर क्वार्टर अशी सांगतात म्हणजे १ इंच खरबरीत. २००२ मध्ये मिशिगनमध्ये सापडलेल्या एमराल्ड ॲश बोरर किड्याने तिथली कोट्यवधी ॲशची झाडं मेली, त्यामुळे चांगली ॲश दिसली की घेऊन ठेवा.

फळी घरी आली, सुकली, तरी लगेच धनुष्य कापायला घेऊ नका. बाजूच्या उरलेल्या भागातून दीड फूट लांब, अर्धा इंच रुंद, २ सूत जाडीची काडी कापा, डोळ्यांवर चष्मा लावा आणि हळूहळू वाकवत मोडेपर्यंत न्या. मोडलेली जागा बघा. लांब लांब चिलप्या निघाल्या, तुकडे एकमेकांना लटकून राहिले, तर लाकूड चिवट आहे, आखायला घ्या. गाजर मोडावं तसं आडवं, सपाट, फट्कन तुटलं तर त्या फळीचं शेल्फ करा आणि वखारीत परत जा. काडीच्या एका बाजूनेच चिलपी सुटून तिरकी बाहेर गेली असेल तर तंतू किती तिरके आहेत ते त्या चिलपीवर पट्टी ठेवून मोजा, २० इंचात १ इंचाच्या हिशोबात बसत असेल तर पाठीवर सुती कापड किंवा बांबूची पट्टी चिकटवून ४० पाउंडांपर्यंतचं धनुष्य त्यातून करता येईल, त्याहून जास्त तिरकं असेल तर पाठ लावूनही उपयोग नाही.